आधी सांधे, मग रंग

बल्लारपूरच्या डेपोत सागाचा लठ्ठा घ्यायला आलेला जाणता माणूस सालीकडे फारसं बघत नाही. तो लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडाशी बसतो, गाभा किती आणि रसकाठ किती ते पाहतो, वाढीची वर्तुळं दाट आहेत की विरळ ते न्याहाळतो, भेग आत कुठवर गेली असेल याचा बोटाने अंदाज घेतो आणि मगच लिलावात बोली लावायची की नाही ते ठरवतो. इथल्या सागाची ख्याती जुनी आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इथूनच साग गेला. रेडिओ-कंट्रोलवर उडणाऱ्या मोठ्या मॉडेल विमानांच्या दुरुस्तीचं पुस्तक मी या डेपोपासून सुरू करतो आहे, कारण जुनं विमान हाती आलं की त्याच्याकडे याच नजरेने पाहावं लागतं. सहसा घडतं मात्र उलट. विमानाचा रंग उडालेला असतो, आवरणाच्या फिल्मला सुरकुत्या पडलेल्या असतात, म्हणून पहिल्याच संध्याकाळी नवी फिल्म आणि रंगाचे डबे मागवले जातात. पंधरवड्यात विमान नव्यासारखं दिसू लागतं आणि पहिल्या जोरदार वळणात पंख मुळापाशी मोडतो. तिथला सांधा कधीचाच सुटलेला असतो, आणि आता चकचकीत फिल्मखाली तो कोणाला दिसतही नाही.

जुन्या विमानाला उजाळा देणं म्हणजे त्याच्या सांध्यांना ताकद परत देणं, आणि तीही वजन न वाढवता. रंग हा त्या कामाचा शेवटचा आणि सगळ्यांत लहान भाग आहे. पुढची प्रकरणं याच म्हणण्यावर उभी आहेत. ज्याला फक्त रंगकाम शिकायचं आहे त्यानेही आधीची प्रकरणं वाचावीत, असा माझा आग्रह आहे.

मोठं विमान म्हणजे केवढं? या छंदात रूढ झालेलं माप असं आहे: एकपंखी विमानाचा पंखविस्तार 80 इंच, म्हणजे दोन मीटरहून थोडा अधिक, द्विपंखी असेल तर 60 इंच, किंवा मग खऱ्या विमानाच्या एक चतुर्थांश मापाचं मॉडेल. उदाहरण म्हणून मी या पुस्तकभर एक चतुर्थांश मापाचं ‘पुष्पक’ समोर ठेवलं आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि नंतर देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक त्यावर उडायला शिकले. ते ज्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिकी शिकली. 1951 मध्ये उडालेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमानही त्यांचंच. भारतात आरेखन होऊन उत्पादनात गेलेलं ते पहिलं विमान. परदेशी विमानांची मॉडेल्स आपल्याकडे पुष्कळ दिसतात. पुष्पक क्वचितच दिसतं, आणि ते दिसावं असं मला मनापासून वाटतं. उंचावर बसवलेला सरळ पंख, दोन आसनांचं सुटसुटीत धड आणि कापडाचं आवरण, यामुळे शिकणाऱ्याला ते सोपंही जातं.

पुष्पकचा पंखविस्तार सुमारे 11 मीटर. चौथा हिस्सा केला की 2.74 मीटर होतात. पंखांचं क्षेत्रफळ मात्र चौथा हिस्सा होत नाही, सोळावा होतो, म्हणजे साधारण एक चौरस मीटर. आणि वजन? ते घनफळाबरोबर जातं, म्हणून चौसष्टावा हिस्सा. खऱ्या पुष्पकचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे 610 किलो. त्याच्या चौसष्टाव्या हिश्श्याने साडेनऊ किलो येतात. चांगला कारागीर त्याहून हलकं बांधतो, आणि बांधावंच. हे आकडे सुरुवातीलाच देतो आहे, कारण नऊ किलोचं, पुढे फिरता पंखा असलेलं, मोटरसायकलच्या वेगाने जाणारं यंत्र म्हणजे खेळणं नव्हे, हे दुरुस्तीला बसणाऱ्याच्या मनावर ठसलं पाहिजे. मैदानावर उभ्या असलेल्या माणसांचा जीव त्या सांध्यांवर अवलंबून असतो.

आता लाकूड. ही मॉडेल्स ज्या लाकडाची बांधतात तो बाल्सा सागाच्या गावात वाढलेल्या हाताला पहिल्यांदा लाकूड वाटतच नाही. साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो. मॉडेलसाठी निवडलेला बाल्सा शंभर ते दोनशे. जंगलातल्या सागाला तोडीला यायला साठ-सत्तर वर्षं लागतात, तर इक्वेडोरच्या लागवडीतला बाल्सा पाच-सात वर्षांत तोडतात. एवढं हलकं लाकूड कमकुवत असणार असा समज होतो, पण वजनाच्या हिशोबात त्याचा ताठपणा चांगल्या चांगल्या लाकडांच्या तोडीचा आहे. अट एवढीच की रेषा ओळखता आली पाहिजे. ओंडक्याच्या वर्तुळांना स्पर्शून चिरलेली फळी वाकते. ती पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवायची. मध्यापासून बाहेर, किरणांच्या दिशेने चिरलेल्या फळीवर बारीक ठिपके चमकतात. ती ताठ राहते पण वाकवली की तडकते, म्हणून ती फासळ्यांना. दुकानात दोन्ही फळ्या एकाच गठ्ठ्यात, एकाच भावाने मिळतात. बल्लारपूरच्या जाणत्या सुताराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सागात त्याने तो आयुष्यभर पाहिलेला असतो. फळी हातात घेऊन तो ती उजेडाकडे धरतो आणि बाजूला काढतो. माझ्या मते या छंदासाठी आपल्या भागाजवळ असलेलं सगळ्यांत मोठं भांडवल तेच आहे, आणि अजून कोणी ते वापरलेलं नाही.

बाल्साऐवजी इथलं काही चालेल का, असं मला पुष्कळ जण विचारतात. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्यापासून बनत आली तो हलका आहे, काटेसावरही हलकी आहे. तरी दोन्ही बाल्साच्या साधारण दुपटीने जड पडतात. पंखाच्या फासळ्यांना ती नकोत. धडाच्या आतले ठोकळे, चाकांच्या पायाचा आधार, अशा जागी चालतात. बांबूची गोष्ट वेगळी आहे. आल्बेर्तो सांतोस-द्युमों या ब्राझिलियन वैमानिकाने 1907 पासून पुढे बांधलेल्या ‘दम्वाझेल’ या चिमुकल्या विमानांच्या धडाला बांबू वापरला होता, आणि तो माणूस त्यातून पॅरिसभोवती उडत असे. गडचिरोलीच्या बांबूची नीट वाळवलेली, गाठी साधलेली काडी पंख अडकवायच्या खुंट्यांना, शेपटीच्या टेक्यांना, रडरकडे जाणाऱ्या दांड्यांना उत्तम. बांबू हिरवा किंवा किडीने पोखरलेला मात्र नको. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूवर प्रक्रिया कशी करायची हे शिकायला आपल्या मुलांना लांब जायची गरज नाही.

नवं विमान बांधण्यापेक्षा जुनं दुरुस्त करा, असं मी आग्रहाने म्हणतो त्यामागे एक वेगळं कारणही आहे. पवनचक्क्यांच्या लांबलचक पात्यांच्या पोटात बाल्साचा थर असतो. 2020 च्या सुमारास चीनमध्ये पवनचक्क्या झपाट्याने उभ्या राहू लागल्या आणि इक्वेडोरच्या बाल्साची मागणी एकदम भडकली. लागवडीतला माल पुरेना, तेव्हा तोडणारे ॲमेझॉनच्या खोऱ्यात, वाओरानी आणि आचुआर लोकांच्या नदीकाठच्या जंगलांत शिरले. मॉडेल बांधणाऱ्यांना जगभर बाल्सा मिळेनासा झाला, त्यापेक्षा जंगलातली ही तोड मला अधिक लागली. जंगल कोणाचं, तोडायचं कोणी आणि पैसे कोणाच्या हातात पडायचे, हा प्रश्न आपल्याकडे किती वर्षं चालला हे गडचिरोलीच्या वाचकाला सांगावं लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा परवाना हाती पडायला 2011 उजाडलं. ज्यांनी हे जवळून पाहिलं त्यांनी तरी जुन्या विमानातला बाल्सा कचऱ्यात टाकू नये. तो कधीचा तोडून झाला आहे. वर्षानुवर्षं कोरड्या जागी टांगून राहिल्यामुळे त्यातला ओलावा बसलेला असतो, आणि नीट जपलेल्या जुन्या फासळीचा ताठपणा नव्या फळीपेक्षा कमी नसतो.

नीट जपलेल्या, हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे, कारण जुन्या विमानाच्या लाकडाचा खरा शत्रू त्याचंच इंजिन असतं. लहान मॉडेलांची इंजिनं मिथेनॉलवर चालतात आणि वंगणासाठी त्या इंधनात एरंडेल किंवा कृत्रिम तेल मिसळलेलं असतं. त्याहून जुन्या काळी कोलकात्यात बनणारी ‘ऑरोरा’सारखी छोटी डिझेल इंजिनं ईथर, रॉकेल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालत. मोठ्या विमानांना पेट्रोलची दोन-स्ट्रोक इंजिनं आली ती झाडं तोडायच्या चेनसॉवरून. आपल्या जंगलात जे यंत्र झाड पाडतं त्याचाच सुधारलेला भाऊबंद या विमानाला उचलतो. इंधन कोणतंही असो, न जळलेलं तेल धुरासोबत मागे येतं आणि इंजिनाच्या मागच्या प्लायच्या भिंतीतून, टाकीच्या खोलीतून, पंखाच्या सांध्यातून लाकडात मुरतं. तेल प्यालेला बाल्सा काळपट दिसतो, हाताला मऊ लागतो आणि कोणताही गोंद धरत नाही. इपॉक्सी लावली तर ती सुकते, कडक होते आणि नखाने टरफलासारखी निघून येते. वरून पाहणाऱ्याला सांधा पक्का झाला असंच वाटत राहतं.

म्हणून पहिलं काम तेल काढायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, टाल्कम पावडर किंवा खडूची बारीक पूड थापून रात्रभर ठेवायची, सकाळी झटकून पुन्हा थापायची. टिपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली की आतलं तेल कागदावर उतरतं. हे कंटाळवाणं काम आहे, आणि घाईत असलेल्याने ते हाती घेऊच नये. कागदावर डाग उमटायचा थांबला नाही तर तेवढा भाग कापून नवं लाकूड बसवायचं. इंजिनाच्या मागच्या भिंतीबाबत मी कधीच तडजोड सुचवत नाही. तिच्यावर इंजिनाची सगळी ओढ आणि सगळा थरथराट येतो. ती शंकास्पद वाटली तर काढून टाकावी.

सांध्यांचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यांत मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धातलं ‘मॉस्किटो’ हे विमान लाकडाचं होतं, 1940 मध्ये पहिल्यांदा उडालेलं. बर्चच्या पातळ प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्साचा गाभा, अशी त्याच्या धडाची बांधणी होती, म्हणजे आपल्या मॉडेलांचा थोरला नातेवाईकच. 1944 च्या शेवटी भारतात तैनात असलेल्या मॉस्किटोंचे पंख हवेत सुटून अपघात होऊ लागले आणि इथली ती विमानं जमिनीवर उभी करून ठेवावी लागली. संशय अर्थातच आपल्या उन्हावर आणि पावसावर गेला, गोंद हे हवामान सोसत नाही असं म्हटलं गेलं. चौकशीत मात्र असंही पुढे आलं की काही सांधे कारखान्यातच नीट बसवले गेले नव्हते. लाकडाला लाकूड टेकलंच नव्हतं आणि मधली फट गोंदाने भरली होती. चंद्रपूरच्या हवामानाबद्दल मला काही सांगायचं असेल तर ते याच उदाहरणातून. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते, लाकूड आकसतं आणि फुगतं. बसवतानाच नीट बसलेला सांधा हे सगळं सोसतो. फट भरून भागवलेला सांधा दोन-तीन उन्हाळ्यांत सुटतो. गोंद लावण्याआधी सांधा कोरडाच बसवून उजेडासमोर धरावा. मधून उजेड दिसला तर पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्यावा.

सुटलेला सांधा शोधायचा कसा, याची मुख्य साधनं म्हणजे कान आणि बोटं. खोलीत शांतता करून पंखाची दोन टोकं दोन हातांत धरावी आणि हलकेच पीळ द्यावा. करकर ऐकू आली की ती कुठून येते ते शोधत फासळी-फासळीने पुढे जावं. नखाने टिचक्या मारत गेलं की चिकटलेल्या आणि सुटलेल्या फळीचा आवाज वेगळा येतो. फिल्म काढल्यावर बॅटरी पंखाच्या आत घालून खोली अंधारी करावी. न दिसणाऱ्या भेगा तेव्हा उजळतात. तुटलेला मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, नुसता टोकाला टोक लावून चिकटवायचा नाही. दोन्ही टोकं तिरपी तासायची, जाडीच्या दहा ते बारा पट लांबीची उतरण द्यायची आणि मग चिकटवायचं. खऱ्या लाकडी विमानांच्या दुरुस्तीतही हाच नियम पाळतात. अशा सांध्यावर वरून प्लायची पट्टी ठोकायचा मोह होतो. पट्टी फार ताठ असली तर लाकूड पुढच्या वेळी तिच्या कडेशी मोडतं, म्हणून पट्टीची टोकं निमुळती करावीत.

दुसऱ्याने बांधलेलं विमान दुरुस्त करताना त्या अनोळखी हाताचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं लागतं. याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण म्हणजे पंखाचा पीळ. पुष्कळ वेळा जुन्या पंखाची टोकं मुळापेक्षा किंचित खाली झुकलेली दिसतात, मागची कड थोडी वर. उत्साही माणूस हा दोष समजून इस्त्रीने किंवा वाफेने पंख सरळ करून टाकतो. तो दोष नसतो. वेग कमी झाला की पंखाने टोकाकडे नव्हे, मुळाकडे आधी उचल सोडावी, म्हणून बांधणाऱ्याने तो पीळ मुद्दाम ठेवलेला असतो. सरळ केलेलं विमान उतरायच्या वेळी अचानक एका अंगावर कोसळतं. दोन्ही टोकांना पीळ सारखा असेल तर तो हेतू समजावा, वेगवेगळा असेल तर वर्षांनी आलेला वाकडेपणा. काहीही सरळ करण्याआधी मोजावं.

आवरणाच्या प्रकरणात बल्लारपूरचा माणूस पुन्हा आपल्या घरच्या विषयावर येतो. 1945 पासून या गावाची ओळख पेपर मिलने घडवली. बांबू शिजवून, त्यातलं लिग्निन काढून, उरलेल्या सेल्युलोजचा लगदा पसरवून कागद करायचा, हे इथल्या दोन-तीन पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पूर्वी मॉडेल विमानांच्या पंखांवर पातळ, लांब धाग्यांचा कागद किंवा रेशीम चढवत आणि त्यावर डोप नावाचं द्रावण लावत. डोप म्हणजेही सेल्युलोजच, आम्लाची प्रक्रिया करून विरघळणारं बनवलेलं. सुकताना ते आकसतं, कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो आणि सगळा सांगाडा त्या ताणाने ताठ होतो. खऱ्या पुष्पकच्या कापडावरही हेच होत असे. लाकूड, कागद आणि डोप ही तिन्ही एकाच पदार्थाची रूपं आहेत, म्हणून ती एकमेकांना इतकी घट्ट धरतात. आता बहुतेक जण इस्त्रीने चिकटणारी आणि उष्णतेने ताणली जाणारी पॉलिएस्टरची फिल्म वापरतात. ती सोपी आहे, तेल सोसते, चौरस मीटरला साधारण 60 ते 70 ग्रॅम भरते. शिकणाऱ्याने तीच वापरावी. पुष्पकसारख्या कापडी विमानाच्या हुबेहूब प्रतिकृतीला मात्र विणीचं कापडच शोभतं. फासळ्यांवर शिवणीच्या टाक्यांचे उंचवटे गोंदाच्या थेंबांनी उठवून वर कातरलेल्या कडांची पट्टी लावली की जवळून पाहणाऱ्यालाही ते खरं वाटतं. एका पंखाला दोन-तीन रविवार जातात, आणि मला हे काम फार प्रिय आहे.

आपल्या हवामानात या कामाचा ऋतू ठरलेला आहे: दिवाळीपासून होळीपर्यंत. पावसाळ्यात डोप किंवा एनसी लॅकर लावलं की हवेतली वाफ धरून त्यावर पांढुरकी साय येते. फर्निचरला पॉलिश करणारे हे चांगलंच ओळखतात आणि संथ सुकणारा थिनर मिसळून वेळ मारून नेतात. एनसी लॅकरमध्ये एरंडेलाचे थोडे थेंब घातले तर ते ठिसूळ होत नाही, ही मॉडेल बांधणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. ही सगळी द्रावणं झटकन पेट घेतात, तेव्हा खोलीच्या खिडक्या उघड्या आणि शेगडी लांब. मे महिन्यात उलट अडचण. इपॉक्सी मिसळता मिसळता घट्ट होते, आणि बंद गाडीत ठेवलेल्या विमानाची गडद रंगाची फिल्म सैल पडते. विदर्भात उडणाऱ्या विमानाला वरून पांढरा, पिवळा, क्रीम असे फिकट रंग द्यावेत. खालच्या बाजूला गडद पट्टे असले की आकाशात विमान उलटं आहे की सुलटं ते ओळखू येतं.

आता रंगाचा हिशोब मांडतो. आपल्या पुष्पकच्या पंखांच्या दोन्ही बाजू, शेपटी आणि धड मिळून सव्वातीन चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग होतो. फिल्मचे दोनशेच्या वर ग्रॅम गेले. त्यावर अस्तर, रंगाचे दोन हात आणि क्लिअर चढवलं तर चौरस मीटरला शंभर ग्रॅम सहज वाढतात, म्हणजे आणखी सव्वातीनशे. गाड्यांच्या गॅरेजमधली पॉलिएस्टर लांबी खड्ड्यांत भरली तर वजन याहून वाढतं. मॉडेलसाठी काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्या मिसळलेली हलकी लांबी वापरावी आणि ती घासून बहुतेक सगळी काढून टाकावी. वजन कुठे वाढलं हे त्याहून महत्त्वाचं. गुरुत्वमध्यापासून शेपटी नाकाच्या अडीच-तीन पट लांब असते. शेपटीवर 30 ग्रॅम रंग जादा बसला तर तोल साधायला नाकात 75 ते 90 ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणून शेपटी शक्य तितक्या पातळ हाताने रंगवावी. आपल्या पुष्पकच्या पंखाची रुंदी सरासरी 37 सेंटिमीटर येते; तोल पुढच्या कडेपासून 9 ते 11 सेंटिमीटरवर साधायला हवा. आधीच्या मालकाने तो कुठे ठेवला होता याची खूण सापडली तरी स्वतः पुन्हा मोजावा, कारण दुरुस्तीनंतर ते विमान आता तेच राहिलेलं नसतं.

विजेच्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे विचार कमी आणि शिस्त जास्त लागते. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी, जुनी वायर आणि जुना स्विच काढून टाकावा. गळक्या बॅटरीने वायरीचं तांबं आतून काळं पडतं आणि वरून काही कळत नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर बसवावा. मोठ्या विमानाला छोट्या विमानाचे सर्व्हो, म्हणजे हलते पृष्ठभाग फिरवणाऱ्या मोटरी, लावू नयेत. पंखावरच्या एलेरॉनच्या आणि शेपटीवरच्या एलिव्हेटरच्या बिजागऱ्या एकेक ओढून पाहाव्यात, जोडदांड्यांत कुठेही सैलपणा राहू देऊ नये. थोड्याशा सैलपणातूनच वेग वाढल्यावर पृष्ठभाग फडफडू लागतो, आणि ही फडफड काही सेकंदांत शेपटी उखडू शकते.

कायद्याची माहिती असावी. 25 ऑगस्ट 2021 पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतची, शिकण्यासाठी, संशोधनासाठी किंवा छंद म्हणून नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी मॉडेल्स वेगळी धरली आहेत, आणि त्यांना टाइप सर्टिफिकेटची अट नाही. पण कुठे उडवायला परवानगी लागते हे ठरवणारे आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे पट्टे त्यांनाही लागू आहेत. आपल्या भागात हे विशेष जपावं लागतं: भद्रावतीला आयुध निर्माणी आहे, मोरव्याला धावपट्टी आहे, दुर्गापूरला महाऔष्णिक केंद्र आहे, ताडोब्याचं जंगल आहे आणि गडचिरोलीत सुरक्षा दलांची ठाणी आहेत. हे पट्टे दाखवणारा डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा पाहून, स्थानिक पोलिसांना कळवून, जमीनमालकाची परवानगी घेऊनच मैदान ठरवावं. कापणी झालेलं मोकळं शेत, विजेच्या तारांपासून आणि वस्तीपासून दूर, सकाळचा वारा पडलेला असताना, सगळ्यांत चांगलं. घारी घिरट्या घालत असतील तर थांबावं. मोठं विमान पाहून त्या अंगावर येतात.

हे पुस्तक मी ज्यांच्यासाठी लिहिलं ते चेहरे माझ्यासमोर आहेत. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंगचे पहिले धडे घेतलेली मुलं. विसापूरच्या सैनिक शाळेतले विद्यार्थी. वेकोलिच्या कोळशाच्या खाणीत किंवा पेपर मिलमध्ये फिटर म्हणून उभं आयुष्य घालवलेले आणि आता हात रिकामे असलेले काका. आणि ज्यांना या छंदाचं नावही माहीत नाही पण ज्यांच्या हातात लाकडाचं सगळं ज्ञान आहे असे सुतार. यांना एका टेबलाभोवती बसवता आलं तर महागडी तयार विमानं बाहेरून मागवायची गरज उरणार नाही. मुलाला सर्व्हो कळतो, काकांना इंजिन कळतं, सुताराला फासळी कळते.

शेवटचं प्रकरण विमान कधी दुरुस्त करू नये याबद्दल आहे, आणि ते वगळू नये. मुख्य स्पार एकाहून अधिक ठिकाणी तुटलेला असेल, पंख जिथे धडाला बसतो तिथलं लाकूड तेलाने कुजलं असेल, किंवा आधीच्या दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होऊन नेमकं वजन कुठे गेलं याचा पत्ताच लागत नसेल, तर ते विमान उडवू नये. त्याचा एक पंख उघडा ठेवून, आतल्या फासळ्या दिसतील असं ते एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत टांगावं. जे विमान उडवायचं ठरेल त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात: दुरुस्तीपूर्वीचं वजन, नंतरचं वजन, तोलाची जागा, आणि कोणते सांधे कोणत्या गोंदाने नव्याने जोडले ते. पंधरा वर्षांनी दुसरा कोणी ते झाकण उघडेल तेव्हा त्याला पंखाला पीळ देऊन अंदाज घ्यावा लागेलच, पण कुठून सुरुवात करायची ते त्याला ठाऊक असेल.